पित्ताची गोळी

आधी वास येतो. ओल्या गोणपाटाचा, किंचित गोडसर. मग पोटातून काहीतरी हलकेच वर चढायला लागतं, जत्रेतला पाळणा वर जाताना चढतं तसं. उजेड कांद्याच्या पापुद्र्यातून गाळून आल्यासारखा होतो. समोरचा माणूस बोलत असतो आणि त्याचं पुढचं वाक्य मला जणू पाठ असतं. हे सगळं, अगदी हेच, पूर्वी कधीतरी घडून गेलंय याची खात्री पटते. दहा-पंधरा सेकंद. मग दुकान परत दुकान होतं. समोरचा मुलगा म्हणतो, "काका, दोन्ही बाजूंनी काढा," आणि मी झेरॉक्स काढायला लागतो.

खरं सांगायचं तर ते वाईट वाटत नाही. कधीकधी फार सुंदर वाटतं. सांगायला तेच तर अवघड आहे.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. मला एकोणिसाव्या वर्षापासून फिट येण्याचा आजार आहे. हे शेवटचं वाक्य लिहायला मला एकोणतीस वर्षं लागली. ज्यांच्या घरात हा आजार आहे, आणि त्याच घरात कॉलेजात शिकणारं मूल आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. उपदेश करायची माझी लायकी नाही. मी काय केलं, तेवढं सांगतो.

कांदा

आमचं गाव चांदवडच्या बाजूला. तिकडे फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरतात. आमच्या कांदा साठवायच्या चाळीत तर छतापर्यंत कांदाच असायचा, त्यामुळे माझ्या वडिलांनी, दादांनी, आपलं एक शास्त्र तयार केलं होतं. मी बी.एस्सी.ला नाशिकच्या हॉस्टेलवर राहायला गेलो आणि पहिली फिट तिथल्या मेसमध्ये आली. दादा म्हणाले, "घरी असताना तुला कव्हा आली का? नाय ना? मंग. कांद्याच्या वासात आजार ऱ्हात नाय."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दादांनी कांदा. दर खेपेला घरून निघताना ते चाळीतून एक घट्ट कांदा निवडून माझ्या पिशवीत टाकायचे. मी फिजिक्सच्या पुस्तकाशेजारी कांदा घेऊन लेक्चरला बसायचो. पोरं म्हणायची, "काय रे, भेळ करतोस का?" मी हसायचो.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत मी बाकावरून खाली पडलो. दादा मला न्यायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पिशवी कुठं व्हती?"

"बाहेर. हॉलमध्ये पिशवी नेऊ देत नाहीत."

"मंग कांदा बी बाहेर. मंग कसं व्हईल?"

त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. खरं काय होतं ते माझं मला माहीत होतं. गोळीनं झोप येते म्हणून परीक्षेआधी आठ दिवस मी ती बंद केली होती. रोज तीन तास झोपत होतो. जेवण म्हणजे चहा आणि पाव. पण कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कांद्यावर ढकलणं सोपं होतं. "डोकं तापलं लेकाचं, पुस्तकं बास आता," असं म्हणून दादा मला घेऊन गेले. कॉलेजला अर्ज लिहिला: 'घरगुती कारणामुळे मी शिक्षण पुढे चालू ठेवू शकत नाही.' पुढची दोन वर्षं चाळीत बसून मी त्या पिवळसर उजेडाकडे बघत होतो. आजही त्या वर्षांतलं मला नीट आठवत नाही. मऊ, लांबलेली दुपार आठवते, एकच.

पाणी

लग्न ठरलं तेव्हा मी दादांना म्हटलं, मुलीकडच्यांना सांगू या. दादा म्हणाले, "गोळीनं बंद हाय ना? मंग नाय म्हंजे नाय."

गोळी चालू होती हे खरं. मोठी फिट पुन्हा आली नाही, फक्त तो वास, ते चढणं, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अलकानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "ही कसली गोळी?" माझ्या तोंडून निघालं, "पित्ताची."

झालं. बावीस वर्षं ती पित्ताची गोळी राहिली. पित्ताच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत मी माझ्या गोळ्या भरून ठेवायचो. रोज सकाळी आठला अलका पाण्याचा पेला घेऊन यायची. "अहो, पित्ताची घ्या." चिंचेची आमटी आमच्या घरी बंद झाली. लोणचं बंद. मिसळ खायला गेलो तर ती वेटरला सांगायची, "यांना रस्सा नको, दही आण." नाशिकचा माणूस आणि बावीस वर्षं दह्यात कालवलेली मटकी.

गाडी मी चालवत नाही. स्कूटी अलका चालवते आणि मी मागे बसतो. सोसायटीतले म्हणतात, "भाऊ, आज मॅडमनी सोडलं का वेळेवर?" मी म्हणतो, मला गाडीची आवडच नाही. गाडीची मला फार आवड होती.

तेजू

तेजस्विनी, आमची एकुलती एक मुलगी. बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी तिचं वेळापत्रक असं होतं: दिवसभर कॉलेज, प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नलं, मग पहाटेपर्यंत अभ्यास. सकाळी कॉफी आणि उपाशीपोटी स्कूटी काढून कॉलेज. आम्हाला तिचा अभिमान होता. झोपत नाही, यात अभिमान वाटण्यासारखं काय होतं, ते आता मला सांगता येत नाही. माझ्या दुकानात परीक्षेच्या आदल्या दिवशी लाल डोळ्यांची पोरं रांगेत उभी असतात, भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगतात. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, पोरं मेहनती आहेत.

एकदा दुपारी ती दुकानात आली होती. नोट्सची पानं लावता लावता म्हणाली, "बाबा, मला हल्ली कधी कधी असं होतं ना, की समोरचं सगळं आधीच होऊन गेलंय. आणि सगळे पाण्याखालून बोलतायत. पोटात गुदगुल्या होतात. मग जातं."

माझा हात मशीनच्या झाकणावर होता. आतला उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेला. तो पूर्ण पलीकडे पोचेपर्यंत माझ्याकडे वेळ होता.

मी म्हणालो, "झोप कमी होतेय. दूध घेत जा."

हे लिहिताना हात थांबला. तरी लिहितो. मला कळलं होतं. शंका नव्हती, कळलंच होतं. आतून ओळखीचा रस्ता दुसऱ्या कुणीतरी वर्णन करून सांगावा तसं होतं ते.

सव्वासात

त्यानंतर चारेक महिन्यांनी, सेमिस्टरची परीक्षा चालू असताना, सकाळी सव्वासातला ती ओट्यापाशी चहा गाळत उभी होती. रात्रभर जागी होती. अलका म्हणाली, "अगं, सांडतोय चहा." तेजू काही बोलली नाही. तिचा चेहरा कुठेतरी लांब बघत होता, शांत, जवळजवळ हसरा. मग ती पडली.

शेजारच्या मोरेकाकू आवाज ऐकून धावत आल्या. "कांदा आणा, कांदा फोडा! चप्पल हुंगवा!"

"कांदा नको," मी ओरडलो. मी घरात कधी ओरडत नाही. "लांब व्हा. तोंडात काही घालू नका. हात दाबू नका." मी तिच्या डोक्याखाली टॉवेल सरकवला, झटके ओसरल्यावर तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं. सांडलेला चहा ओट्यावरून खाली ठिबकत होता.

दवाखान्यात जाताना रिक्षात अलकानं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, काय करायचं ते?"

"दुकानात एकदा एका मुलाला आली होती."

ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्ही होतात."

प्रश्न

तपासण्या झाल्या. डोक्याला वायरी लावून आलेख काढला, स्कॅन झालं. तेजूच्या केसांना त्या जेलचा चिकटा दोन दिवस राहिला, त्याचाच तिला जास्त राग आला होता. चार रात्री वॉर्डात काढल्या. पहाटे साफसफाईवाल्या मावशी येऊन खिडकी उघडायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, "पाय वर घ्या, साहेब." तेवढं एक वाक्य मला त्या दिवसांत धरायला होतं. पाय वर घेतले की आणखी एक दिवस सुरू.

डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. तेजूनं त्यांना सगळं सांगितलं, पाण्याखालचे आवाज, आधी घडून गेल्यासारखं वाटणं. त्यांनी लिहून घेतलं. मग वर न बघता विचारलं, "घरात आणखी कुणाला फिट्सचा त्रास? आई, वडील, काका, मामा?"

अलका म्हणाली, "माझ्या माहेरी कुणाला नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. खिशात ती डबी होती.

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं. पेनाचा आवाज ऐकू आला.

अर्ज

घरी आल्यावर दोष द्यायला माणूस शोधायला लागत नाही. अलका दिवसभर तेजूच्या मागे. "सांगत होते झोप म्हणून. मोबाइल बघायचा, उपाशी राहायचं, कॉफ्या ढोसायच्या. घेतलंस ना ओढवून?" डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की जागरणानं आणि उपासानं फिट उसळते, पण मुळात आजार त्यामुळे होत नाही. पण ते वाक्य घरात टिकलं नाही. ते टिकवू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो वर्तमानपत्र वाचत होता.

तेजू ऐकून घ्यायची. गोळीनं तिला गुंगी यायची. पुस्तक उघडून तासन्‌तास एकाच पानावर. स्कूटी बंद, मैत्रिणींचे फोन बंद. मला तिच्यात चाळीतला मी दिसायचो.

तीन महिन्यांनी, दुपारी दोनच्या सुमारास, मी शटर अर्धं ओढून डबा खात होतो. ती वाकून आत आली आणि एक कागद पुढे केला.

"बाबा, याच्या दोन कॉप्या काढा."

मी कागद काचेवर ठेवला. ठेवता ठेवता वाचला. 'घरगुती कारणामुळे मी शिक्षण पुढे चालू ठेवू शकत नाही.'

तेच शब्द. तसंच तिरकं, घाईतलं अक्षर, खाली सहीसाठी सोडलेली तेवढीच जागा. हे आधी घडून गेलंय, मला वाटलं, अगदी हेच. मी वाट बघितली. आता वास येईल, आता पोटातून चढेल. काहीच आलं नाही. मशीन गुरगुरत होतं, बाहेर कुणीतरी स्टँडवरून गाडी काढत होतं, डब्यातल्या भेंडीचा वास येत होता. हा आजार नव्हता. हे खरोखरच आधी घडून गेलं होतं.

"दाबा ना बटण," ती म्हणाली.

"मी पण असाच अर्ज लिहिला होता," मी म्हणालो.

"माहितीय. आजोबांची परिस्थिती नव्हती."

"परिस्थिती होती. मला फिट यायची. अजून आहे." मी खिशातली डबी काढून काउंटरवर ठेवली. "ही पित्ताची नाही."

तिनं डबी उघडली. फार्मसीची विद्यार्थिनी. गोळीवरचा आकडा वाचायला तिला एक क्षण पुरला. तिनं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"तुमचं कसं सुरू होतं?" तिनं शेवटी विचारलं.

मी सांगितलं. गोणपाट, पाळणा, पिवळा उजेड. सांगताना मला लाज वाटत होती आणि जन्मात पहिल्यांदा हलकंही वाटत होतं. ती म्हणाली, "माझ्यात वास नाही. आवाज आहेत." मग तिचा चेहरा बदलला. "बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं. इथेच. तुम्ही म्हणालात, दूध घे."

"हो."

"आणि डॉक्टर विचारत होत्या तेव्हा तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होतात."

"हो."

"तीन महिने मी स्वतःला शिव्या घालतेय. आई घालते त्या वेगळ्या."

तिनं काचेवरचा कागद उचलला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. शटरखालून वाकून जाताना म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

आठ दिवस

अलकाला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. पूर्ण ऐकून घेतलं, तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला.

"आजाराचं काही नाही हो," ती म्हणाली. "आजार कुणालाही होतो. पण रोज सकाळी माझ्या हातून पाणी घेतलंत. बावीस वर्षं. 'पित्ताची घ्या' म्हणत मी पेला घेऊन उभी राहायची आणि तुम्ही घ्यायचात. माझ्या तोंडून खोटं बोलवून घेतलंत रोज."

थोड्या वेळानं आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "मला चिंचेची आमटी किती आवडते, माहीत आहे का तुम्हाला?"

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी आठला मी स्वतः उठून पाणी घ्यायचो. मात्र पहिल्याच दिवशी ती तेजूच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आत होती. बाहेर आल्यावर दोघींचे डोळे सुजलेले होते. त्यानंतर "ओढवून घेतलंस" हा शब्द आमच्या घरात पुन्हा आला नाही.

आता

तेजू अर्ज घेऊन कॉलेजात गेली नाही. पण फाडलाही नाही, तो अजून तिच्या कपाटात आहे. नंतरच्या सेमिस्टरचे चारपैकी दोनच पेपर तिनं दिले, दोन पुढच्या वेळेवर टाकले. मैत्रीण रुचा हिला सगळं सांगून ठेवलंय, फिट आली तर काय करायचं आणि काय करायचं नाही. रुचानं पहिला प्रश्न विचारला, "कांदा खरंच नाही ना लागत?" तेजू खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

साडेदहाला ती झोपते. परीक्षा उद्या असली तरी. पहिले काही दिवस हे तिला पापासारखं वाटायचं, दिवा बंद करून अंधारात सूत्रं पुटपुटायची. आता झोपते. सकाळी नाश्ता आणि गोळी झाल्याशिवाय वही उघडत नाही. पाऊण तास बसते, मग उठून गच्चीवर जाते, कढीपत्त्याला पाणी घालते, तिथेच थोडं उभी राहते. पूर्वी ती किती तास बसले ते सांगायची. आता पुस्तक मिटून आईला समजावून सांगते, आईला कळलं की तो भाग झाला. त्यामुळे अलकाला औषधांचं बरंच काही कळायला लागलंय आणि मोरेकाकूंना भर जिन्यात त्यावर व्याख्यान मिळतं. काही दिवस तेजूला गोळीची गुंगी असते, त्या दिवशी ती काहीच करत नाही. असा दिवस गेला की रडते. आम्ही रडू देतो.

आणि दुकानात कुणी संध्याकाळी येऊन तीनशे पानं मागितली, उद्या पेपर म्हणून, तर मी विचारतो, "जेवलास का?" पोरं वैतागतात. "काका, पानं द्या ना." देतो. पण विचारतो.

गेल्या महिन्यात तेजूची तपासणी होती. तिघंही गेलो, बसनं. आत डॉक्टरबाईंनी फाइल उघडली आणि नेहमीचं विचारायला सुरुवात केली. तेजू म्हणाली, "मॅडम, त्यात एक बदल करायचाय. पहिल्या पानावर." मग माझ्याकडे वळली. "सांगा, बाबा."

तीच खुर्ची होती.

"मला आहे," मी म्हणालो. "एकोणिसाव्या वर्षापासून. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वडिलांना आहे म्हणजे मुलीला होतंच, असं नसतं. पण आधी कळलं असतं तर तिला ते लवकर ओळखू आलं असतं." मग त्यांनी 'नाही' वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं. या वेळीही पेनाचा आवाज ऐकू आला.

बाहेर पडलो तर ऊन चढलं होतं. कोपऱ्यावर मिसळीचं दुकान होतं. अलका सरळ आत शिरली, आम्ही मागोमाग. वेटर आला. तिनं तिघांच्या मिसळी सांगितल्या. तो दही विचारायच्या आत म्हणाली, "आणि यांना तर्री वेगळी आण. वाटीभर."

वाटी आली. लाल तवंग, वर कोथिंबीर. अलकानं कांद्याची बशी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे अजून बघत नव्हती.

"खा," ती म्हणाली. "आता पित्त झालं तर मात्र खरं सांगा."